बायबलमधील आत्मे आणि पेडणे-डिचोलीचा देवचार

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत देवचार हा गावाचा राखणदार मानला जातो. तो वेशीवर किंवा एखाद्या जुन्या झाडाच्या मुळाशी राहतो, रात्री काठी आणि मशाल घेऊन गावाची फेरी करतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, अशी श्रद्धा आहे. त्याला रोट, विडी, सोरो अर्पण करतात. कोलवाळचा पूल ओलांडून बार्देशातील ख्रिस्ती घरात गेले की हाच शब्द कानी पडतो, पण तेथे देवचार म्हणजे सैतान. खरे तर नदी ओलांडण्याचीही गरज नाही. हरमल-मांद्रेतील ख्रिस्ती कुटुंबांच्या कोंकणीतही त्याचा अर्थ तोच. एका वाड्यावर जो रक्षक, तो शेजारच्या वाड्यावर वैरी.

हा अर्थभेद बायबलमधून आलेला नाही, तो इतिहासातून आला आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात धर्मांतरे झाली, तेव्हा ग्रामदैवते आणि राखणदार यांची गणना सरसकट सैतानाच्या सैन्यात झाली. १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनने पुढे १७३६ च्या हुकूमनाम्याने ख्रिस्ती घरांतील हिंदू चालीरीतींवर बंदी घातली. डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात आली ती अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात आणि पेडणे १७८८ मध्ये. तोवर सक्तीच्या धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून नव्या काबिजादींतील देवचार आपल्या जागी राहिला.

धर्मोपदेशकांनी शब्दांची वाटणीही मोठी सूचक केली. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओवीत सांगितली; त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. हा ग्रंथ मराठी वाङ्मयाचे भूषण आहे यात शंका नाही. मात्र त्या काळापासून चालत आलेल्या ख्रिस्ती प्रार्थनांत पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरीत सांत’ हा परका शब्द राखला गेला आणि सैतानासाठी गावचाच शब्द वापरात राहिला. ‘पवित्र आत्मो’ हे रूप कोंकणी प्रार्थनेत रुळले ते पुष्कळ नंतर.

मग मूळ ग्रंथात काय आहे? जुन्या करारातील हिब्रू शब्द ‘रुआह’ आणि नव्या करारातील ग्रीक शब्द ‘न्यूमा’ या दोहोंचा मूळ अर्थ वारा, श्वास असा आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘अंगात वारे आले’ असे आपण म्हणतोच; कोंकणीत त्यालाच ‘भार’ म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात वारा आणि आत्मा यांसाठी एकच शब्द येतो आणि येशूच्या संवादातील श्लेष त्यावरच उभा आहे. ‘आत्मा’ या भाषांतराने तो श्लेष हरवतो. ‘वारे’ या शब्दात तो टिकला असता. जगाच्या आरंभी जलावर विहरतो तोही रुआह आणि शौल राजाला छळतो तोही रुआहच. विशेष म्हणजे शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात शौलाला छळणारा दुष्ट आत्मा परमेश्वराकडून आला, असे स्पष्ट म्हटले आहे. दाविदाने वीणा वाजवली की शौलाला आराम पडे.

खरा घोटाळा ‘भूत’ या शब्दाने केला. शुभवर्तमानांत माणसाला पछाडणाऱ्या शक्तीला ‘दायमोनियोन’ म्हटले आहे. सरोवरावरून रात्री चालत येणाऱ्या येशूला पाहून शिष्य घाबरतात, तेव्हा त्यांच्या तोंडी ‘फान्तास्मा’, म्हणजे भास किंवा छाया, हा निराळा शब्द आहे. मराठी बायबलमध्ये दोन्ही ठिकाणी ‘भूत’ आले आणि पछाडलेला माणूस ‘भूतग्रस्त’ झाला. मराठीत भूत म्हणजे मेलेल्याचा अतृप्त जीव. त्यामुळे येशूने माणसांतून काढले ते कोणा मृतांचे जीव होते, असा वाचकाचा समज होतो. येशूच्या काळातील काही यहुदी लोकांचे मत तसे होतेही. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसेफस याने दुष्ट मृतांचे आत्मेच जिवंतांत शिरतात, असे लिहून ठेवले आहे. परंतु नवा करार कोठेही तसे म्हणत नाही. पछाडणारी शक्ती कोण होती, कोठे मेली, तिची कोणती इच्छा राहिली, हे प्रश्न तेथे विचारलेच जात नाहीत. गरसेकरांच्या प्रदेशात थडग्यांमध्ये राहणाऱ्या माणसाला येशू फक्त नाव विचारतो. उत्तर येते ‘लीजन’, म्हणजे रोमी सैन्याची तुकडी. आणि मग सुमारे दोन हजार डुकरांचा कळप कड्यावरून समुद्रात जातो.

मृताचे प्रत्यक्ष येणे बायबलमध्ये एके ठिकाणी मोठ्या ताकदीने वर्णिले आहे. पलिष्ट्यांशी लढाई तोंडावर आली असताना शौलाला देवाकडून उत्तर मिळेना. मृतांना बोलावणाऱ्यांना त्यानेच देशाबाहेर घालवले होते. तरी तो वेष पालटून, रात्रीच्या वेळी, एनदोर गावच्या एका स्त्रीकडे गेला आणि मृत शमुवेल संदेष्ट्याला वर आणण्याची विनंती केली. जमिनीतून वर येणाऱ्या आकृतीसाठी त्या स्त्रीने वापरलेला हिब्रू शब्द ‘एलोहीम’ आहे, म्हणजे देव किंवा दैवी पुरुष. झग्यात गुंडाळलेला तो म्हातारा शौलाला धीर देत नाही. आपल्याला उगाच का त्रास दिलास असे विचारतो आणि उद्या तू व तुझे मुलगे माझ्याबरोबर असाल, असे सांगतो. राजा जमिनीवर कोसळतो. शास्त्राने निषिद्ध ठरवलेली तीच स्त्री मग घरातले वासरू कापून, भाकरी भाजून त्याला जेवू घालते. हा प्रसंग खरा की सैतानाची माया, यावर ख्रिस्ती पंडितांत शतकानुशतके वाद झाले. निषेध मात्र निःसंदिग्ध आहे. लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत मृतांना विचारणे, शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे या सर्वांना मनाई आहे, आणि शौलाच्या मृत्यूच्या कारणांत इतिहासाचा पहिला ग्रंथ ही रात्रही मोजतो.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत आणि लाजरस यांच्या दृष्टान्तात मृत आणि जिवंत यांच्या मधली वाट आणखी पक्की बंद होते. श्रीमंताला आपल्या पाच भावांकडे निरोप पाठवायचा असतो. तो पाठवला जात नाही. उलट त्याच शुभवर्तमानाच्या शेवटी पुनरुत्थित येशू शिष्यांसमोर उभा राहतो आणि आत्म्याला हाडमांस नसते, मला हात लावून पाहा, असे सांगतो. तरीही त्यांना खरे वाटेना, तेव्हा तो भाजलेल्या मासळीचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. गोव्याच्या वाचकाला याहून पटणारा पुरावा देता येणार नाही.

मृतांशी नाते मात्र तुटत नाही. मृतांसाठी प्रार्थना करावी याचा आधार मक्काबी यांच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. तो कॅथलिकांच्या ७३ ग्रंथांच्या बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंटांच्या ६६ ग्रंथांच्या बायबलमध्ये नाही. दोन नोव्हेंबरला गोव्याच्या दफनभूमींत लागणाऱ्या मेणबत्त्या आणि लग्नापूर्वी दिवंगतांच्या नावाने घातले जाणारे भिकाऱ्यांचे जेवण, ही त्या नात्याची रूपे. महालयाची सवय असलेल्या शेजाऱ्याला ती परकी वाटत नाहीत.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील दोन उत्सवांकडे पाहता येते. कोजागरीच्या पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. बाधा झाल्याचे मानलेली माणसे त्या रात्री तेथे आणली जातात. डिचोली तालुक्यातील साळ येथे होळीच्या दिवसांत गडे रानात दिसणाऱ्या मशालीमागे धावतात; देवचार त्यांतील काहींना लपवतो आणि परत देतो, असे मानतात. साळचा देवचार घाबरवतो, पण हानी करत नाही. त्याच्यासाठी बायबलमध्ये नेमका जोडीदार शोधणे व्यर्थ आहे. गावाची हद्द राखणारा, थोडा खोडकर, मान दिला की संतुष्ट होणारा असा आत्मा त्या ग्रंथाच्या जगात नाहीच. तेथे देवदूत आहेत आणि दुष्टात्मे आहेत. मधली जागा रिकामी आहे, आणि गोव्यातील मिशनऱ्यांना देवचार नेमका दुसऱ्या खणात टाकावा लागला.

पुनवेच्या रात्री आणल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न याहून गंभीर आहे. मार्कच्या नवव्या अध्यायातील मुलगा जमिनीवर पडतो, तोंडाला फेस आणतो, दात खातो, ताठ होतो. कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. आजचा डॉक्टर याला अपस्मार म्हणेल. मत्तयाने त्याच मुलासाठी वापरलेला ग्रीक शब्दही फेपऱ्याचाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै गावी अंगात वारे येऊन भविष्य सांगणारी एक दासी भेटते. तिच्या भाकितांवर तिच्या धन्यांची कमाई चाले. पौलाने तिला मुक्त केल्यावर धन्यांना आनंद झाला नाही. कमाई बुडाली म्हणून त्यांनी पौलाला अधिकाऱ्यांपुढे ओढत नेले. वाऱ्यामागचा व्यवहार इतक्या उघडपणे क्वचितच कोठे नोंदला गेला असेल. योहानाच्या शुभवर्तमानात तर दुष्टात्मा काढल्याचा एकही प्रसंग नाही.

या बाबतीत चर्चचा आजचा नियम अनेकांना ठाऊक नसतो. धर्मसंहितेच्या ११७२ व्या कलमानुसार बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणताही पाद्री दुष्टात्मा काढण्याचा गंभीर विधी करू शकत नाही. १६१४ पासून चालत आलेला हा विधी १९९९ मध्ये सुधारण्यात आला. त्यातही आजार, विशेषतः मनोविकार, बाधा समजला जाऊ नये, अशी ताकीद आहे. मनोविकाराचा उपचार हा वैद्यकशास्त्राचा प्रांत असल्याचे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. पेडण्याच्या सीमेपलीकडे सिंधुदुर्गात महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे, आणि भूत उतरवण्याच्या निमित्ताने केलेली मारहाण तेथे गुन्हा ठरते.

अंगात येण्याचे कारण बाहेर नसून त्या व्यक्तीच्या मनातच असते, याच्या अगदी जवळ जाणारा विचार पॅरिसमध्ये मांडणारा माणूस गोमंतकीय पाद्रीच होता. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले आबे फारिया यांचे वडील कोलवाळचे, म्हणजे पेडण्याच्या नदीच्या अलीकडच्या तीरावरचे. संमोहननिद्रा संमोहकाच्या शरीरातून वाहणाऱ्या कोणत्याही द्रवाने येत नाही, ती निद्रिस्ताच्या एकाग्रतेतून आणि सूचनेतून येते, असे त्यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहिले. पणजीतील जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे.