जुन्या घरांच्या अंगणातील नाणेशोध

जुन्या घराभोवतीच्या जमिनीत हरवलेली नाणी धातुशोधक यंत्राने हुडकण्याचा छंद. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात तो विशेष रुजला आहे. तेथे सतराव्या-अठराव्या शतकांत बांधलेली लाकडी घरे आजही राहती आहेत आणि पुष्कळांच्या अंगणांत फारशी खणाखणी झालेली नाही.

या छंदाला गुप्तधनाचा शोध समजणे चूक आहे. अंगणात सापडणारे नाणे बहुतेक वेळा कोणी पुरलेले नसते, ते खिशातून पडलेले असते. म्हणून जाणता शोधक आधी घराची दिनचर्या डोळ्यांपुढे आणतो. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली धुतलेल्या विजारींच्या खिशांतून नाणी गळत. दारातून रस्त्याकडे जाणारी पायवाट, ओसरीच्या पायऱ्या, विहिरीचा काठ, परसातल्या संडासाची वाट आणि उन्हाळ्यात माणसे जिच्या सावलीला बसत त्या थोराड झाडाचा बुंधा, या जागा तो प्रथम धुंडाळतो. आगविमा कंपन्यांसाठी 1867 पासून तयार होऊ लागलेल्या सॅनबोर्न नकाशांवर गावोगावच्या इमारतींच्या रेषा काटेकोर आखलेल्या आहेत. आता नाहीसे झालेले तबेले आणि कोठ्या कुठे होत्या, हे त्यांवरून कळते.

गवतावर पडलेले नाणे खाली जाते ते मुख्यतः गांडुळांमुळे. गांडुळे खालची माती वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू बुडत जातात. चार्ल्स डार्विनने आपल्या घराजवळच्या कुरणांत हे वर्षानुवर्षे पाहून 1881 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. धातू हुडकणाऱ्या यंत्राची कथाही त्याच वर्षाशी जोडलेली आहे. तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युत् प्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले. डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूलाच घ्यायला लावला आणि गोळी डावीकडे निघाली, त्यामुळे तो प्रयत्न फसला. तत्त्व मात्र खरे होते. पुढे गेरहार्ड फिशर यांना 1937 मध्ये हातात धरून नेण्याजोग्या धातुशोधकाचे अमेरिकी पेटंट मिळाले.

यंत्राच्या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सतत बदलणारे चुंबकी क्षेत्र जमिनीत शिरते. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे बारीक विद्युत् प्रवाह उठतात आणि त्यांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. हे उत्तर किती उशिरा येते त्यावरून धातू किती सुवाहक आहे याचा अंदाज बांधतात. चांदी आणि तांबे स्वच्छ, उंच स्वर देतात. लोखंड घोगरे बोलते. खरी अडचण मधल्या पट्टीत असते, कारण शीतपेयाच्या डब्याची अॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी जवळजवळ सारखीच वाजतात. शिवाय जुन्या घराभोवती खिळ्यांचा सडा पडलेला असतो आणि एका खिळ्याच्या आडोशाला चांदीचे नाणेही झाकले जाते. म्हणून तेथे लहान तबकडी सावकाश फिरवावी लागते. एकट्या नाण्याचा माग साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागतो.

सापडणाऱ्या नाण्यांत 1909 ते 1958 या काळातील गव्हाच्या ओंब्यांचे चित्र असलेला सेंट सर्वांत नेहमीचा. 1964 पर्यंतच्या डाइममध्ये, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यात, 90 टक्के चांदी होती. 1793 ते 1857 दरम्यानचा मोठा तांब्याचा सेंट मातीत हिरवट, खडबडीत होऊन येतो. स्पॅनिश चांदीची रेआल नाणी भेटली तर नवल नाही, कारण अमेरिकेत ती 1857 पर्यंत कायदेशीर चलन होती.

एका नाण्याने तर थेट सुरतेशी धागा जोडला. 2014 मध्ये ऱ्होड आयलंडमधील मिडलटाउन येथे एका फळबागेत, वसाहतकालीन वस्तूंच्या सोबतीने, येमेनमध्ये 1693 मध्ये पाडलेले चांदीचे नाणे निघाले. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने सप्टेंबर 1695 मध्ये औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज लुटले. ते हज यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतत होते. एव्हरीचे काही साथीदार पुढे अमेरिकी वसाहतींत पांगले, तेव्हा हे नाणे त्या लुटीतले असावे असा शोधकाचा तर्क आहे. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्येही तशी अरबी नाणी मिळाल्याने तो सबळ वाटतो. दुकानाच्या पेटीत हेच नाणे चिमूटभर चांदी ठरले असते. ते कोणत्या मातीत, कशाच्या सोबतीने पडले होते, यामुळेच ते बोलू शकले. म्हणून जागा आणि खोली लिहून न ठेवता नाणे उपटणे हा या छंदातला सर्वांत मोठा अपराध मानायला हवा.

खणताना गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखा उलटतात, माती कापडावर काढतात आणि खड्डा पुन्हा बुजवतात. मिळालेले नाणे घासणे वर्ज्य. मातीचा कण पृष्ठभाग ओरखडतो आणि पुसलेली अक्षरे परत येत नाहीत.

खाजगी जागेत घरमालकाची परवानगी आणि वाटणीचा आधीच केलेला करार लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत यंत्र चालवणे गुन्हा आहे. संघराज्याच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना 1979 च्या कायद्याचे संरक्षण आहे.

महाराष्ट्रातल्या वाड्यांच्या परसांत शिवराई नाणी मिळाल्याचे ऐकून हा छंद इथे करू पाहणाऱ्याने 1878 चा भारतीय निखात निधी कायदा आधी वाचावा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. लपवणाऱ्या शोधकाला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधकाला आणि उरलेला जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ते घेऊ शकते.