जमिनीवरचें विमान आणि शेजारचें टेबल

जमिनीवर बसून विमान चालविण्याचा खटाटोप संगणकाहून जुना आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो-ऑर्गनांचा कारखाना होता. ऑर्गनाच्याच भात्यांवर त्यानें १९२९ सालीं डुलणारें विमान उभारलें. गिऱ्हाईक लाभलें तें करमणुकीच्या बागांचें! १९३४ सालीं टपाल नेतांना सैन्याचे वैमानिक खराब हवेंत मरूं लागले, तेव्हां कोठें सैन्यानें अशीं सहा यंत्रें घेतलीं.

खरी खुबी पुढें जोडलेल्या शेजारच्या टेबलांत होती. वैमानिक झांकलेल्या खोक्यांत, शिक्षक बाहेर. आणि नकाशावर तीन चाकांचें लहानसें यंत्र शाईनें मार्गाची रेघ ओढी. चुकलेली वाट शिक्षकास दिसे, वैमानिकास नाहीं.

१९८२ सालीं मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर निघाला. पुढें हौशी मंडळींनीं त्यावर नकाशे, हवामान अशा जोड-प्रोग्रॅमांचें इतकें ओझें घातलें कीं चित्र अडखळूं लागलें. तोड निघाली ती जुन्याच वळणाची: शेजारीं दुसरा संगणक. ‘वाइडएफएस’ हा प्रोग्रॅम विमानाची उंची, वेग, स्थान तारेवरून तिकडे पोंचवी. तेथील प्रोग्रॅमांस आपण मूळ संगणकांतच आहोंत असें भासे. २००६ च्या आवृत्तींत मायक्रोसॉफ्टनेंही ‘सिमकनेक्ट’ ही तशी सोय दिली. तार निसटली तर नकाशा थांबे. विमान मात्र उडत राही.