हार्ड डिस्क आणि एसएसडी : वेगाचे गणित

संगणक मंदावला की पहिला संशय प्रोसेसरवर घेतला जातो आणि दुसरा व्हायरसवर. प्रत्यक्षात अनेकदा अडसर असतो तो माहिती साठवणाऱ्या हार्ड डिस्कचा. तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात एसएसडी बसवल्यास जुना संगणकही चपळ होतो. मात्र हा फरक नेमका कशामुळे पडतो, हे खोक्यावर छापलेल्या ठळक आकड्यावरून कळत नाही.

हार्ड डिस्क हे अक्षरशः फिरते यंत्र आहे. चकतीवर चुंबकीय स्वरूपात माहिती लिहायची आणि सरकत्या हेडने ती वाचायची, ही कल्पना आयबीएमने १९५६ साली ‘रॅमॅक’ या यंत्रणेद्वारे बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या. आज घरच्या संगणकातील चकती सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर नेण्यात आठ-नऊ मिलिसेकंद गेलेले असतात. एकूण झाले बारा-तेरा मिलिसेकंद. हा काळ क्षुल्लक वाटेल. परंतु या हिशेबाने डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी विखुरलेल्या ठिकाणांची माहिती वाचू शकते आणि विंडोज सुरू होताना तर अशा असंख्य लहान फायली गोळा कराव्या लागतात. जुन्या लॅपटॉपमधील ५४०० फेऱ्यांची डिस्क याहूनही संथ.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तोशिबातील संशोधक फुजिओ मासुओका यांच्या गटाने १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश मेमरीवर ती चालते. या मेमरीच्या सूक्ष्म पेशींत विद्युतभाराच्या रूपाने माहिती राहते आणि कोणत्याही ठिकाणची माहिती साधारण शंभर मायक्रोसेकंदांत, म्हणजे हार्ड डिस्कच्या शंभरपटींहून अधिक वेगाने हाती येते. शिवाय अनेक ठिकाणचे वाचन एकाच वेळी चालू शकते, ते वेगळेच.

जाहिरातीत मात्र सलग वाचनाचा वेग मिरवला जातो. हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १५० ते २५० मेगाबाइट वाचते, साटा जोडणीची एसएसडी ५५० च्या आसपास, तर एनव्हीएमई प्रकारची साडेतीन हजारांपासून सात हजारांपर्यंत आणि त्यापुढेही. मोठ्या चित्रफितींचे संकलन करणाऱ्यांना या आकड्यांचे मोल आहे. पत्रव्यवहार, ब्राउझर आणि हिशेब एवढेच काम असणाऱ्याला साटा व एनव्हीएमई यांतील फरक क्वचितच जाणवतो. जुन्या संगणकासाठी साटा एसएसडी पुरेशी आहे; दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडू नये. च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी प्रत्येक एम.२ एसएसडी एनव्हीएमई असतेच असे नाही, हेही खरेदीपूर्वी पाहावे. बाहेरून जोडायची एसएसडी जुन्या यूएसबी २.० खाचेत लावली, तर सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइटवरच ती अडते.

लिहिण्याच्या बाबतीत एसएसडीचीही एक मेख आहे. बऱ्याच एसएसडी आलेली माहिती आधी एका जलद राखीव भागात घेतात. हा भाग भरला की वेग कोसळतो. प्रत्येक पेशीत चार बिट साठवणाऱ्या काही स्वस्त क्यूएलसी एसएसडी तर अशा वेळी हार्ड डिस्कच्याही मागे पडतात. फ्लॅशमध्ये जुन्यावर थेट नवे लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. त्यासाठी कोणती माहिती निरुपयोगी झाली हे विंडोज ‘ट्रिम’ या आज्ञेने कळवते. ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. तिचा दुसरा परिणाम असा, की एसएसडीवरून चुकून पुसलेली छायाचित्रे परत मिळणे बहुधा अशक्य असते. हार्ड डिस्कवरून ती पुष्कळदा मिळवता येतात.

त्यामुळे विंडोज आणि रोजचे प्रोग्रॅम एसएसडीवर, तर छायाचित्रांची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ही विभागणी आजही सोयीची ठरते. तेवढ्याच साठवणुकीला हार्ड डिस्क स्वस्त पडते आणि सीसीटीव्हीच्या चित्रणासारख्या सलग लिहिण्याच्या कामात तिचा वेग मुळीच कमी पडत नाही.