कच्ची वही, पक्की वही

आक्का आमच्या मागच्या गल्लीत राहतात. गेल्या वर्षी एका दुपारी दारात आल्या, पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि म्हणाल्या, "ताई, हे जरा बघा की. पेन्शनच्या हापिसात म्हणत्यात, तुमची सर्विसच भरत न्हाई."

पिशवीत विड्यांच्या हिशेबाची जुनी पुस्तकं होती. पिवळी पडलेली, कडांना तंबाखूचा वास अजून तसाच. एक उघडलं आणि माझा हात तिथंच थांबला. आतलं अक्षर माझं होतं.

माझं माहेर निपाणीचं आणि सासरही निपाणीचंच. आपल्या समाजात तंबाखूचा त्याग करणारी माणसं घरोघरी, आणि तंबाखू पिकवणारी, विकणारी घरंही आपलीच. माझे वडील एका विडी कंत्राटदाराकडे दिवाणजी होते. १९८८ ते ९० मी बी.ए. करत होते. अक्षर चांगलं म्हणून रात्री जेवणं झाली की आप्पा मला वही उतरवायला बसवायचे. कुणाला किती पान दिलं, किती तंबाखू दिला, किती विड्या आल्या, छाट किती गेली, मजुरी किती झाली, असे रकाने. वह्या दोन. कच्ची वही आप्पांची, तिच्यात चाळीसेक बायका. पक्की वही निरीक्षकाला दाखवायची, तिच्यात पंधरा. एकदा मी विचारलं, "आप्पा, बाकीच्या कुठं गेल्या?" ते म्हणाले, "त्या जावेच्या, सासूच्या नावावर हाईत. तू उतरव." मी उतरवलं.

म्हणजे आमच्याकडे कच्ची वही खरी होती आणि पक्की खोटी.

आक्का आणि त्यांची जाऊ एकाच सोप्यात समोरासमोर सूप घेऊन बसायच्या. एका बाईच्या हातून दिवसाला आठशे-हजार विड्या होतात. त्या पुस्तकात मात्र जावेच्या एकटीच्या नावावर रोज दीड-दोन हजार! आक्कांनी सव्वीस वर्षं विड्या वळल्या. त्यांचं स्वतःचं नाव लागलं ते शेवटच्या सात वर्षांत. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत दरमहा पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची नोकरी लागते. जावेला पेन्शन मिळते, आक्कांना नाही. त्यांचा जावेवर राग नाही. "तिनं काय केलं? नाव लिवणारा येगळाच की," एवढंच त्या म्हणाल्या. नाव लिहिणारीच समोर बसली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या गेल्यावर मी या कायद्याचं वाचायला बसले. मला वाटायचं, घरी बसून काम करणाऱ्या बाईला कायदाच नसेल. तसं नव्हतं. कायदा होता, आणि तो सहज आलेला नव्हता.

१९४८ चा कारखाना कायदा कारखान्यात येणाऱ्या कामगारांसाठी होता. मध्य प्रदेशातल्या सागरच्या एका विडी कारखान्यावर खटला झाला, की तिथं सापडलेल्या माणसांची नावं कामगारांच्या नोंदवहीत नाहीत. ती माणसं म्हणजे बाहेरून विड्या वळून आणून देणारे सट्टेदार. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते स्वतंत्र कंत्राटदार आहेत, त्या कायद्याखालचे कामगार नव्हेत. म्हणजे नाव लिहिण्याची मालकाची जबाबदारीच उरली नाही. त्याच वर्षी मद्रास राज्याने विडीच्या जागांसाठी वेगळा कायदा केला. पण एका राज्याने नियम कडक केले की धंदा शेजारच्या राज्यात किंवा लोकांच्या घरात सरकायचा. आम्हा सीमेवरच्या लोकांना हे नव्यानं सांगायला नको.

म्हणून १९६६ साली केंद्राने विडी व सिगार कामगारांचा कायदा केला. मालकाने किंवा कंत्राटदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी विड्या वळल्या, तरी ती कामगारच, असं त्यात स्पष्ट लिहिलं. वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा. मातृत्व लाभाचा १९६१ चा कायदा घरच्या कामगारणीलाही लागू. माल किती द्यायचा, छाट किती काढायची, छाटीचे पैसे द्यायचे की नाही, यावर भांडण झालं तर झटपट निवाडा करणारा अधिकारी. आणि या सगळ्यासाठी मालकाने नोंदी ठेवायच्या; घरी काम करणाऱ्यांची नोंदवही, बाईच्या हातात तिचं पुस्तक.

वाचताना पहिल्यांदा वाटलं, रजा आणि बाळंतपण यापुढं वहीचं काय एवढं? मग लक्षात आलं, सगळं त्या वहीवरच उभं आहे. कारखान्याला फाटक असतं, भोंगा असतो, हजेरी असते. बाईच्या सोप्याला यातलं काही नाही. स्वयंपाक, मुलांचं दूध, मधेच शंभर विड्या. वीस दिवस भरले हे कशावरून? बाळंतपणाआधी ती किती दिवस कामावर होती हे कोण सांगणार? फक्त तो रकाना. आणि रकाना भरायचा कुणी? ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानेच.

मालकांनी या कायद्याला आव्हान दिलं. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधी लागू झाला. पुन्हा वाद, की घरात बसलेल्या बाईवर आमची देखरेख कुठे असते? १९८५ च्या निकालात न्यायालयाने यावर दिलेलं उत्तर मला फार आवडलं. विडी पसंत करायची की नापसंत, हा हक्क मालकाकडे आहे, हेच त्याचं नियंत्रण. ज्या छाटीने बायका रडकुंडीला यायच्या, तीच त्यांच्या नोकरीचा पुरावा ठरली.

पळवाटाही निघाल्या. कुठे कागदावर दाखवायचं, की आम्ही पान-तंबाखू बाईला विकतो आणि तिच्याकडून विड्या विकत घेतो. म्हणजे ती कामगार नाही, व्यापारी! कुठे आमच्यासारखं, तिघींचं काम एकीच्या नावावर.

म्हणजे मी रात्री वही उतरवत होते तेव्हा हा कायदा होऊन बावीस वर्षं झाली होती. चूक अडाणीपणाची नव्हती.

दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचा रोज एक अध्याय ऐकतो. सातव्यात व्रतांचे अतिचार येतात. सत्याणुव्रताच्या अतिचारांत एक आहे कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख लिहिणं. इतकी वर्षं मी तो शब्द ऐकत आले आणि मला वाटायचं, हे बनावट मृत्युपत्र करणाऱ्यांसाठी असेल. अचौर्याच्या अतिचारांत राज्याचे नियम मोडणं आहे, खोटी मापं आहेत. आपल्या व्यापारी पूर्वजांना चोरी वहीतून कशी होते हे पक्कं माहीत असणार, त्याशिवाय आचार्यांनी हे शब्द घातले नसते.

आप्पांना मी दोष देत नाही; पगारी माणूस होते. पण अक्षर माझं होतं. पुढच्या आठवड्यात मी आक्कांकडे गेले आणि सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अक्षर लई सुबक हुतं बगा." त्यांच्या अर्जाला जोडायला मी त्या काळातल्या कामाबद्दल जबाब लिहून दिला आहे. उपयोग होईल का, सांगता येत नाही.

घरून काम करणाऱ्यांविषयी १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपला १९६६ चा कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला. कायद्याचं नाव बदललं तरी प्रश्न जुनाच, वहीत नाव कुणाचं?

आपल्या महिला मंडळासाठी सहा बायका घरी पापड लाटतात. आजवर हिशेब माझ्या डोक्यात असायचा. आता दोन सारख्या वह्या केल्या आहेत, एक मंडळाकडे, एक बाईकडे. पीठ किती, पापड किती, परत किती, पैसे किती. दोन्हींत तिचं नाव, तिची सही. लिहून झालं की मी मोठ्याने वाचून दाखवते. परवा एकीनं मला थांबवलं, "ताई, मंगळवारचे चाळीस राहिले."

राहिलेच होते. लिहिले.