स्थानिक किंमत : प्राथमिक शाळेतील अध्यापन (विशेष संदर्भ : जालना जिल्हा)

संख्येतील अंकाला तो ज्या स्थानी लिहिलेला असतो त्यामुळे जी किंमत मिळते, तिला त्या अंकाची स्थानिक किंमत म्हणतात. स्थानाचा विचार न करता अंकाची जी किंमत असते ती दर्शनी किंमत. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. या संख्येत ९ हा अंक दोनदा येतो. दर्शनी किंमत दोन्ही ठिकाणी ९ च आहे. स्थानिक किंमत मात्र डावीकडच्या अंकाची नऊ लाख आणि उजवीकडच्या अंकाची नऊ हजार आहे. शतकस्थानी शून्य आहे. ते वगळले तर प्रत्येक डावा अंक एक घर उजवीकडे सरकेल आणि संख्या दोन लाखांच्या आत येईल. बेरजेतील हातचा, वजाबाकीतील उसना, गुणाकाराची उभी मांडणी आणि भागाकारात एकेक अंक खाली घेणे या सर्व रीती स्थानिक किमतीवर उभ्या आहेत. म्हणून प्राथमिक गणितात तिला मध्यवर्ती स्थान आहे.

पार्श्वभूमी : जुन्नरजवळील नाणेघाटाच्या सातवाहनकालीन शिलालेखात मोठ्या संख्या आढळतात, पण त्या स्थानिक किमतीने लिहिलेल्या नाहीत. त्या पद्धतीत दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती आणि ती शेजारी मांडून त्यांची बेरीज घेतली जाई. शून्याची गरज पडत नसे. पुढे दसपटीच्या स्थानांची पद्धत भारतात रूढ झाली. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त शून्यासह करावयाच्या क्रियांचे नियम दिले, तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सु. ११५०) एक, दश, शत, सहस्र अशी स्थानांची नावे क्रमाने येतात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. चाळीसगाव ज्या जळगाव जिल्ह्यात येते, त्याची सीमा जालना जिल्ह्याला लागून आहे.

पंतोजींच्या शाळेत अंकओळख, उजळणी व पाढे यांवर भर असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची कोष्टकेही मुखोद्गत करून घेतली जात. बाजारातील तोंडी हिशेबाला ही तयारी पुरेशी होती. लेखी रीतीमागील कारण समजावणे हा तिचा हेतू नव्हता.

मराठी संख्यानामे : मराठीत अकरा ते नव्व्याण्णव या नावांत एकक आधी आणि दशक नंतर उच्चारला जातो. लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘सत्तेचाळीस’ ऐकताच मुलाच्या कानी प्रथम सात पडतात आणि हात ७४ लिहून मोकळा होतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस अशी एकोणनव्वदपर्यंतची नावे पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात. त्यामुळे ३९ साठी ‘चाळीस’ ऐकून ४९ लिहिले जाते. नव्व्याण्णव हे नाव पुन्हा या साच्यात बसत नाही. बावन्न, त्रेपन्न, छप्पन्न या नावांतून पन्नास सहज ऐकू येत नाहीत. कन्नड आणि तेलुगू या भाषांत वीसच्या पुढे दशक आधी व एकक नंतर येत असल्याने तेथे उच्चार आणि लेखन यांचा क्रम जुळतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात एकवीसपासून पुढे ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत रूढ नावांसोबत देण्यात आली. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या. या बदलावर राज्यभर वाद झाला व तो विधिमंडळातही पोहोचला. रूढ नावे काढून टाकलेली नव्हती. दशक व एकक कानाला वेगळे ऐकू यावेत यासाठी दिलेली ती जोडवाट होती. वर्गात तिचा उपयोग पायरी म्हणून होतो. मूल ४७ ला ‘चाळीस सात’ म्हणते, चार दशक सात सुटे मांडते आणि मग ‘सत्तेचाळीस’ या नावाशी त्याची सांगड घालते.

जिल्ह्यातील परिस्थिती : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यात जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद, परतूर, मंठा, बदनापूर व घनसावंगी हे आठ तालुके आहेत. ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाचा मोठा भार जिल्हा परिषदेच्या शाळांवर आहे. लहान गावांतील व तांड्यांवरील शाळांत एकाच शिक्षकाला दोन किंवा अधिक इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. तांड्यांवरील मुलांची घरची बोली गोरमाटी असते, तर जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. उर्दूतही एकक आधी उच्चारला जातो. लिपी उजवीकडून डावीकडे आणि संख्या मात्र डावीकडून उजवीकडे लिहिली जात असल्याने तेथे दिशेचा मुद्दा आणखी स्पष्ट करून द्यावा लागतो.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परततात. सोबत गेलेल्या मुलांच्या शिकण्यात शाळेच्या वर्षाच्या मध्यालाच खंड पडतो. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परतलेल्या मुलाला वर्गाच्या चालू पाठात थेट बसवल्यास दशकाची कल्पना कच्ची असतानाच तीन अंकी वजाबाकी समोर येते. त्यामुळे अशा मुलाची पातळी आधी तोंडी तपासून घ्यावी लागते.

अध्यापनाचे टप्पे : सुरुवात मोजण्यापासून होते. चिंचोके, खडे, काड्या अशा वस्तू मोजताना एका वस्तूला एकच नाव देणे आणि शेवटी आलेली संख्या ही सर्व वस्तूंची आहे हे कळणे, ही पूर्वतयारी होय. त्यानंतर दहा काड्यांचा गठ्ठा बांधून त्याला ‘एक दशक’ म्हणतात. उरलेल्या काड्या ‘सुटे’. गठ्ठा मुलाने स्वतः बांधणे व सोडणे महत्त्वाचे आहे, कारण एक दशक म्हणजेच दहा एकक ही दुहेरी ओळख त्यातूनच होते. असे दहा गठ्ठे एकत्र बांधले की शतक होते. मराठवाड्यात कडबा शेकड्यावर विकला जातो. शेतकऱ्याच्या मुलाला शंभर पेंढ्यांचा शेकडा ही एकच वस्तू म्हणून परिचित असते.

गठ्ठ्यांनंतर दशक दांडे, मणीमाळ आणि खेळातल्या एक, दहा व शंभर रुपयांच्या नोटा-नाणी वापरतात. हा क्रम सकारण आहे. गठ्ठ्यात दहा काड्या दिसतात, दांड्यावर दहा खुणा दिसतात, दहाच्या नोटेत मात्र दहा रुपये दिसत नाहीत. ते मानावे लागतात. यानंतरची पायरी म्हणजे शतक, दशक, एकक अशी घरे आखून अंक लिहिणे. शेवटी घरांच्या रेघा पुसल्या जातात आणि केवळ स्थान उरते. विस्तारित मांडणी (३४७ = ३०० + ४० + ७) या पायरीला जोडून घेतली जाते. लहान शाळेत एका गटाला गठ्ठे, दुसऱ्याला नोटा आणि तिसऱ्याला लेखी उदाहरणे देऊन एकाच तासात तिन्ही पातळ्या चालवता येतात.

बेरीज-वजाबाकी : ३८ + २७ करताना आठ व सात सुटे मिळून पंधरा होतात. त्यातील दहांचा गठ्ठा बांधून तो दशकांत ठेवला जातो, हाच हातचा. एकूण सहा दशक पाच एकक, म्हणजे ६५. वजाबाकीत क्रिया उलटी होते. ५२ − २७ मध्ये दोन सुट्यांतून सात काढता येत नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडतात. चार दशक व बारा सुटे होतात आणि उत्तर २५ येते. ‘उसना घेणे’ या शब्दात परत देणे अभिप्रेत असते, पण येथे काहीच परत द्यायचे नसते. म्हणून सुरुवातीला ‘दशक सोडवणे’ असे म्हणणे सोयीचे पडते.

नेहमीच्या चुका : तीनशे पाच ही संख्या ३००५ अशी लिहिणारे मूल ऐकलेले ‘तीनशे’ आणि ‘पाच’ शेजारी मांडते. त्याची रीत नाणेघाटाच्या लेखातील बेरजेच्या पद्धतीसारखीच असते. स्थानाची कल्पना तेवढी तयार झालेली नसते. ३८ + २७ चे उत्तर ५१५ लिहिणारे मूल प्रत्येक स्तंभ स्वतंत्र समजते. ५२ − २७ = ३५ लिहिणारे मूल प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा करते. उत्तर केवळ चूक ठरवल्याने यांतील काहीच दुरुस्त होत नाही. तेच उदाहरण गठ्ठ्यांनी मांडायला लावल्यास दोन उत्तरांतील फरक मुलाला स्वतः दिसतो. ‘दहाने गुणताना शून्य लावा’ असा पाठ करून घेतलेला नियमही पुढे अडचणीचा ठरतो, कारण २.५ ला दहाने गुणताना तो लागू पडत नाही. अंक एक स्थान डावीकडे सरकतात, हे सांगणे दोन्हीकडे बरोबर ठरते.

मूल्यमापन : ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आणि तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्यांचे वाचन-लेखन हे लक्ष्य ठेवले आहे. २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणात मुलांना घरी जाऊन एकेकट्याने तपासले जाते. त्यात अंकओळखीनंतर दोन अंकी संख्यांची उसन्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे या पायऱ्या असतात. वर्गातील तपासणी याहून साधी असू शकते. सोळा काड्या मोजून मुलाने १६ लिहिल्यावर त्यातील १ साठी किती काड्या, असे विचारावे. एकच काडी दाखवणाऱ्या मुलाला संख्या लिहिता येते, पण दशक समजलेला नसतो. त्याच्यासाठी हातच्याची उदाहरणे थांबवून पुन्हा गठ्ठे बांधण्यापासून सुरुवात करणे योग्य ठरते.