सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रिया

पीक कापून नेल्यावर धसकटांत राहिलेल्या ओंब्या वेचणे, यास मराठीत सरवा वेचणे असा जुना शब्द आहे. ज्याँ फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने १८५७ च्या पॅरिस येथील सालोन प्रदर्शनात मांडलेल्या चित्राचा विषय नेमका हाच होय. या चित्राची चर्चा बहुधा त्यातील कारुण्यापाशी थांबते. वस्तुतः त्याचा विषय एका हक्काशी निगडित आहे.

फ्रान्समध्ये सरवा वेचणे ही केवळ मालकाची कृपा नव्हती. दुसऱ्या हेन्री राजाच्या १५५४ च्या फर्मानाने वृद्ध, अपंग, लहान मुले आणि कापणी करण्याची शक्ती नसलेली माणसे यांना ती मुभा दिली होती. क्रांतीनंतरच्या १७९१ च्या ग्रामीण कायद्यानेही हा रिवाज टिकविला. पण १८१० च्या दंडसंहितेने त्यावर दंडाचे कुंपण घातले. पीक पूर्णपणे उचलून नेलेले नसताना, सूर्योदयापूर्वी अथवा सूर्यास्तानंतर शेतात ओंब्या वेचणे हा गुन्हा ठरला.

हे ध्यानात घेऊन चित्राकडे पाहिले पाहिजे. अग्रभागी तीन स्त्रिया आहेत. त्यांतील दोघी पार वाकलेल्या असून डावीकडच्या स्त्रीने वेचलेल्या ओंब्यांची मूठ पाठीवर धरली आहे. तिसरी अर्धवट उभी आहे. वाकलेल्या दोघी क्षितिजाच्या रेषेखालीच राहतात, जणू जमिनीनेच त्यांना धरून ठेवले आहे. मागे दूरवर, उजळ प्रकाशात, उंच गंजी, पेंढ्यांनी लादलेली गाडी आणि कापणी करणाऱ्यांची गर्दी. उजवीकडे घोड्यावर बसलेला एक देखरेख्या. पेंढ्या अजून भरल्या जात आहेत. कायद्याचा कठोर अर्थ लावल्यास या तिघींचे शेतात असणेच वादाचे ठरेल. दिवसही कलला आहे. मूठभर धान्य आणि गाडीभर धान्य यांमधले अंतर मिलेने एका शब्दाचेही भाष्य न करता मोजून दाखविले.

टीकाकारांना मात्र त्यात भलतेच दिसले. १८४८ च्या उठावास अवघी नऊ वर्षे झाली होती. पॉल द सँ-व्हिक्टर याने या स्त्रियांना दारिद्र्याच्या तीन दैवदेवता म्हटले. ज्याँ रूसो नावाच्या एका समीक्षकास (हा अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ नव्हे) त्यांच्या मागे बंडखोरांचे भाले आणि १७९३ चे वधस्तंभ दिसले. ही भीती अतिरंजित होती खरी, पण सर्वस्वी निराधार नव्हती. याचना न करणारा दरिद्री माणूस प्रेक्षकांना अस्वस्थ करतो, आणि या तिघींपैकी एकीनेही प्रेक्षकांकडे मान वळविलेली नाही. मिले स्वतः नॉर्मंडीतील ग्रुशी या खेड्यातील शेतकरी कुटुंबात १८१४ साली जन्मला आणि १८४९ पासून बार्बिझाँ येथे राहिला. त्याने राजकीय हेतूचा इन्कारच केला.

चित्र तीन हजार फ्रँकांस विकले गेले. मिले १८७५ मध्ये वारला. शॅंपेनचा व्यापार करणाऱ्या मादाम पोमेरी यांनी १८८९ मध्ये हेच चित्र तीन लाख फ्रँकांस घेऊन पुढच्या वर्षी लूव्र संग्रहालयास दिले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.