पवईच्या नील-हरित जिवाची कुळकथा

बालाघाटाच्या पठारावर, घाटनांदूरच्या परिसरात, वैशाखात तळ्याचे पाणी तळाला जाऊ लागले म्हणजे त्यावर जो हिरवा, बुळबुळीत थर धरतो, त्याला आपण शेवाळ म्हणून हाताने बाजूला सारतो. परंतु तशाच थरांत वावरणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जिवांकडून सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी एवढ्याच भांडवलावर इंधने व रसायने तयार करून घेता येतील, असा विश्वास ज्या शास्त्राने दिला, त्याच्या कुळकथेतील एक मानाची नोंद महाराष्ट्रातील पाण्याच्या नावे आहे.

या कुळाचा आरंभ हॉलंडात होतो. बायरिंक या संशोधकाने १८९० मध्ये क्लोरेला हे हरित शैवाल इतर जिवांपासून वेगळे करून शुद्ध स्वरूपात वाढविले, आणि सूक्ष्म शैवाल प्रयोगशाळेत नांदू लागले. मात्र त्याच्या आनुवंशिक घडणीत हात घालण्याची वाट पुढे दुसऱ्याच शाखेतून निघाली. शेस्ताकोव्ह आणि ख्येन या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, आज सिनेकोकॉकस म्हणून ओळखला जाणारा नील-हरित जीव भोवतालच्या द्रवातील परके डीएनए आपण होऊन आत घेतो. (काटेकोर वर्गीकरणात हा जीव जिवाणूंत मोडतो, शैवालांच्या दप्तरात मात्र त्याचे नाव फार जुने आहे.) त्या डीएनएची दोन्ही टोके जिवाच्या स्वतःच्या जनुकसंचातील एखाद्या भागाशी जुळणारी असली, तर मधला नवा मजकूर नेमका त्या ठिकाणी रुजतो आणि पुढच्या पिढ्यांकडे वारसाहक्काने जातो. याच युक्तीच्या बळावर डेंग आणि कोलमन या संशोधकांनी १९९९ मध्ये झायमोमोनस या मद्य आंबविणाऱ्या जिवाणूची दोन जनुके सिनेकोकॉकसमध्ये बसवून त्याच्याकडून प्रकाशात अल्कोहोल करविले.

यानंतरची हकीकत मला विशेष जिव्हाळ्याची वाटते. मुंबईला पिण्याचे पाणी पुरविण्यासाठी इंग्रज अमदानीत, १८९१ च्या सुमारास बांधलेला आणि पुढे पाणी पिण्यालायक न राहिल्याने त्या कामातून बाद झालेला पवई तलाव मुंबईच्या आयआयटीशेजारी पसरला आहे. त्याच्या पाण्यातून आयआयटीतील प्रा. प्रमोद वांगीकर यांच्या प्रयोगशाळेने सिनेकोकॉकसचा एक नवा वाण वेगळा केला, त्याची हकीकत २०१८ मध्ये प्रसिद्ध केली, आणि पॅरिसच्या पाश्चर संग्रहात तो पीसीसी ११८०१ या क्रमांकाने दाखल झाला. साध्या हवेत, जादा कार्बन डायऑक्साइड न देता, २.३ तासांत तो दुप्पट होतो. उष्णता, प्रखर प्रकाश व क्षार सोसतो. आणि परके जनुकही स्वीकारतो. जवळच्या नातेवाइकांशी त्याचा जनुकसंच सुमारे ८३ टक्केच जुळतो. पुढे २०२० मध्ये त्याच्याकडून सक्सिनिक आम्ल करवून घेतल्याची नोंद झाली. हे आम्ल आज मुख्यत्वे खनिज तेलापासून काढतात.

घाटनांदूरहून परळी दूर नाही. तेथील औष्णिक वीजकेंद्र कोळसा जाळून कार्बन डायऑक्साइड आकाशात सोडते, आणि त्याच केंद्राला फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद पडावे लागले. धूर मुबलक आणि पाणी दुर्मीळ, अशा या मुलखात गोड्या पाण्याचे विस्तीर्ण हौद मागणारा कोणताही वाण, कितीही वेगाने वाढला तरी, मला स्वीकारार्ह वाटत नाही. येथे बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर आणि सांडपाण्यावर जगणारा, चाळीस अंशांच्या वर न कोमेजणारा जीव हवा. आणि पवईचा दाखला डोळ्यांसमोर असता त्याचा शोध परदेशी संग्रहांच्या याद्यांत घेण्याआधी आपल्याच साठवण तलावांत, बारवांत आणि उन्हाने तापलेल्या डबक्यांत घेणे रास्त ठरेल. जवळच्या अंबाजोगाईच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे काम उन्हाळ्यातच करता येईल: नमुने गोळा करावेत, ते उष्णतेत व क्षारांत वाढवून पाहावेत, आणि टिकणाऱ्या वाणांपैकी परके डीएनए आपण होऊन घेणारे कोणते, हे सुसज्ज प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावे. जनुकबदल केलेला जीव उघड्या हौदात सोडण्याची पाळी आली, तर १९८९ च्या नियमांनुसार केंद्राची परवानगी घेणे भागच आहे, आणि ती अट मला पूर्णपणे योग्य वाटते. रानटी वाणांचा शोध घेण्यास मात्र तिची अडचण नाही, आणि तो येत्या वैशाखातच सुरू व्हावा.